जुलैत आंबोलीला ताजे मासे कुठे मिळतील?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून जुलैत दोन रात्रींसाठी आंबोलीला यायचंय, खाणं आणि भटकंती दोन्ही हवी, तर ताजे मासे कुठे चांगले मिळतील आणि धबधब्याशिवाय बघण्यासारखं काही आहे का. माशांचं उत्तर आधी देते. कुठेही नाही. मागूच नका.

माझं माहेर मालवणच्या बाजूला, घरची होडी. सासर चौकुळला, आंबोलीहून आत. त्यामुळे समुद्र आणि घाट, दोन्हीकडचं मला ठाऊक आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, तो माशांच्या विणीचा काळ. आमची होडी तेव्हा वर ओढून झावळ्यांनी झाकलेली असायची आणि आई मे महिन्यात भरून ठेवलेल्या सुक्या मासळीवर घर चालवायची. किनाऱ्यावरच ही गत, तर ६९० मीटर उंचीवर तुमच्या ताटात येणारी 'ताजी सुरमई' कुठली असणार? बर्फातली. बंदीआधीची नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलेली.

आमच्याकडे पाहुण्यांना राहायला चार खोल्या आहेत. माझ्या दिरांचं सुरुवातीपासून म्हणणं की मेनूत सुरमई, पनीर आणि चायनीज पाहिजेच. "पावण्यांका व्हया ता देवूक व्हया", म्हणजे पाहुण्यांना हवं ते द्यायला हवं, हे त्यांचं पालुपद. एका आषाढात त्यांनी सुरमईच्या तुकड्या आणून फ्रीजरमध्ये भरल्या. शनिवारी कोल्हापूरचं एक कुटुंब यायचं होतं. गुरुवारी रात्री वारा सुटला, घाटात झाडं पडली, वीज गेली ती गेलीच. सावंतवाडीहून येणारी भाजीची गाडी खालीच अडकली. पाहुणे मात्र आजऱ्याच्या बाजूने वेळेवर हजर.

मी फ्रीजर उघडला. तुकडीवर बोट दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. चांगल्या माशाचं मांस दाबलं की वर येतं, हे माझ्या माहेरी पोराटोरांना कळतं. दीर म्हणाले, मसाल्यात घोळवून तळली की कळाचा नाय. मी सगळी सुरमई परसात खड्डा खणून पुरली आणि पाहुण्यांना जाऊन सांगितलं की मासे नाहीत, पनीरही नाही. दीर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात हा ता रांदूया." घरात आहे तेच शिजवूया. त्यांनी काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घातलेलेच होते. त्या दुपारी वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या झाल्या. पीठ पावसात फुगत नाही म्हणून रात्रभर चुलीजवळ ठेवलेलं. रात्री शेतातल्या कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा रस्सा, उकड्या तांदळाचा भात आणि सुकटीची किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर. दुसऱ्या दिवशी शिरवाळे. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. गोळा निवला की साचा जागचा हलत नाही, म्हणून घाई लागते आणि अंगात जोरही लागतो. पाहुण्यांचा कॉलेजातला मुलगा साच्यावर अंग टाकून दाबत होता आणि सासूबाई खाली केळीचं पान फिरवत पांढऱ्या शेवया गोल झेलत होत्या. वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. घराबाहेर धो धो पाऊस, आत कंदिलाच्या उजेडात सगळे जमिनीवर बसून जेवले.

दीर आजही म्हणतात, दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्लं. मी म्हणते, दुसरं नव्हतं म्हणून पानावर बसले असतील, पण शिरवाळे पुन्हा मागून घेतले ते कशासाठी?

आता भटकंती. मुख्य धबधब्याला शनिवार-रविवार जाऊ नका. गाड्या, मक्याची कणसं, माकडांना वेफर्स आणि दारूच्या बाटल्या, एवढंच दिसेल. सकाळी लवकर कावळेसादला, दरीच्या टोकावर जा. धुकं हललं तर दरीतून वर उडणारं पाणी दिसेल, नाहीतर नुसतं पांढरं. कठडा ओलांडायचा नाही, तिथे माणसं गेलेली आहेत. हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या देवळाला जरूर जा. घाटाच्या काठावर उगम पावूनही ही नदी कोकणात उतरत नाही, पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते. देवळासमोरच्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा आहे. २०२० मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. पाण्यात पाय सोडून बसू नका.

खरी आंबोली रात्रीची. स्थानिक जाणकार मुलांबरोबर बॅटरी घेऊन निघा. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं फेसाचं घरटं दिसेल. त्यातली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आंबोली टोड नावाचा बेडूक असतो, जगात या परिसराबाहेर तो मिळत नाही आणि आमच्याच रस्त्यांवर गाड्यांखाली मरतो. रात्री गाडी हळू चालवा, हे मी हात जोडून सांगते.

जळवा लागतील, घाबरू नका, मीठ जवळ ठेवा. इथे वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे कपडे वाळणार नाहीत. चौकुळला मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही, रोख पैसे आणा. अळंबी दिसली तर स्वतः उपटून शिजवू नका, विषारी कुठली ते आमच्या म्हाताऱ्या माणसांनाच कळतं. आणि मासेच खायचे असतील तर ऑक्टोबरनंतर या, पण मग आंबोलीला नको, सरळ मालवणला उतरा. शाकाहारी असाल तर पनीर न मागता वाटाणे, फणसाच्या आठळ्या, टाकळ्याची भाजी मागा. बेळगावहून आलेलं पनीर वीज गेल्यावर किती तास टिकलंय, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

राहायचं तिथे आदल्या दिवशी फोन करून विचारा की घरात काय शिजतंय. "सगळं मिळेल" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. काळ्या वाटाण्याचं सांबारं हवं असेल तर तेव्हाच सांगून टाका, वाटाणे भिजायला रात्र लागते.