त्याची नजर जिथे, तुमचा शब्द तिथे

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय. स्पीच थेरपीसाठी महिन्यातून दोनदाच रत्नागिरीला जाणं जमतं. घरी मी ‘हे काय? रंग कोणता?’ असं विचारत राहते, तर तो उठून निघून जातो. गोव्यात आईवडिलांनाच शिकवल्यावर मुलांमध्ये फरक पडला, असं ऐकलं. नेमकं काय करतात? (एक आई, लांजा)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांची पद्धत आपल्याकडच्या घरांना जमेल अशी बदलून घेतली. गोवा आणि रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांचे दोन गट करून तिची चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत १२ बैठका. बैठकीत आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण आई आणि कार्यकर्त्याने मिळून पाहायचं, हा या पद्धतीचा गाभा.

तुम्हाला आजपासून करता येईल ते असं. टीव्ही बंद करा. त्याच्या आवडीच्या तीन-चारच वस्तू जमिनीवर ठेवा आणि समोर बसा, शेजारी नको. मोबाइल आडवा, त्याच्या डोक्याच्या उंचीवर टेकवा. दोघांचे चेहरे आणि हात दिसले पाहिजेत. दहा मिनिटं खेळा.

समजा, तो डब्याचं झाकण फिरवतोय. झाकण काढून घेऊन हातात चेंडू देऊ नका. थांबा, बघा, मग म्हणा, ‘झाकण. गोल गोल.’ आणि गप्प बसा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार जड जातात. बहुतेक पालक तीनवरच पुढचा प्रश्न विचारतात. झाकण पडलं, त्याने ओझरतं तुमच्याकडे पाहिलं, तर लगेच ‘पडलं!’ म्हणा. ही ओझरती नजर म्हणजे त्याचं बोलणंच आहे. ती इतकी पुसट असते, की खेळताना हमखास निसटते. म्हणून तर चित्रीकरण.

रात्री ते पाहताना स्वतःच्या चुका मोजू नका. त्याने पाहिलं, हात ओढला, आवाज काढला, ते क्षण शोधा आणि प्रत्येक वेळी पाच सेकंद मागे जा. त्याआधी तुम्ही काय केलं होतं? तेच उद्या जास्त करा.

प्रश्नांनी तो का उठतो? कारण प्रत्येक प्रश्न त्याला स्वतःच्या गोष्टीवरून लक्ष काढून तुमच्या गोष्टीवर न्यायला लावतो आणि हेच त्याला अवघड जातं. तो बघतोय त्याच वस्तूचं नाव कानावर पडलं, तर ते चिकटतं. वाक्यंही बेताची ठेवा : बोलत नसेल तर एक-दोन शब्द, एकेक शब्द बोलू लागला की दोन-तीन. रोज अर्धा तास पुरे, हवं तर दोन तुकड्यांत.

चाचणीत पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला. म्हणजे ही जादू नव्हे. रत्नागिरीच्या फेऱ्या सोडू नका. चित्रीकरण थेरपिस्टना दाखवा.

प्रश्न : नात २० महिन्यांची आहे. हाक मारली तर वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही. घरात म्हणतात, ‘हिचा बाबाही उशिराच बोलला.’ थांबावं का? (एक आजी, सातारा)

उत्तर : थांबू नका, आजी. नुसतं उशिरा बोलणारं मूलही बोटाने कावळा दाखवतं, हवं ते मागतं. बोट दाखवणं नाही आणि हाकेला ओ नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील, तर तपासणी लागतेच. आधी ऐकू येतं का हे पाहणारी कानाची ‘बेरा’ चाचणी करून घ्या. भांड्याच्या आवाजाला दचकते म्हणून ऐकू येतं, असं धरू नका. मग बालरोगतज्ज्ञांकडे ऑटिझमची शक्यता पाहणारी ‘एम-चॅट’ प्रश्नावली भरा : १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी हो-नाही स्वरूपाचे २० प्रश्न. तीन ते सात गुण आले तर पुन्हा सविस्तर विचारपूस, आठ किंवा जास्त आले तर थेट निदानासाठी पाठवतात. हे निदान नव्हे, चाळणी आहे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही चौकशी करा. तिथे खर्च पडत नाही. तारीख मिळेपर्यंत वर लिहिलेला खेळ सुरू करायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.