निफाडहून वाशी मार्केटला टोमॅटो न्यायला पिकअप घ्यायची आहे. १.५ लिटरची टर्बो घ्यावी की २.५ लिटरची? लहान इंजिन घाटात दम तोडतं आणि लवकर बसतं, हे खरं का? कधी कधी दोन टनही टाकू.

लवकर बसतं हे खरं नाही. ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं त्यांनी लहान इंजिनावर जुन्या गाडीच्या सवयी चालवल्या असणार. माझं गॅरेज आहे, घरातही पिकअप आहेत, आणि हाच वाद माझ्या घरात काही वर्षं चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शोरूममधल्या २.५ लिटरवालीलाही टर्बो असतोच. बिनटर्बोचं मोठं डिझेल हवं तर टाटाच्या जुन्या ४०७ ट्रकच्या काळात जावं लागेल. ती १९८६ ला आली, इंजिन जवळजवळ तीन लिटरचं आणि हवा आपली आपण ओढणारं. डिझेल किती जळणार हे सिलिंडरमध्ये हवा किती आली यावर ठरतं. पूर्वी हवा वाढवायची तर सिलिंडर मोठा करायचा एवढाच उपाय होता. टर्बो तीच हवा दाबून भरतो, म्हणून दीड लिटरमधून जुन्या मोठ्या इंजिनाइतकी ओढ मिळते. कागदावर बघा: बोलेरो पिकअप २,५२३ सीसी, ओढ (टॉर्क) २०० न्यूटन मीटर. टाटा इंट्रा व्ही५० १,४९६ सीसी, २२० न्यूटन मीटर. 'लहान म्हणजे कमजोर' म्हणणाऱ्याला हे दोन आकडे दाखवा.

आता मामांचं सांगतो. माझे थोरले मामा आयुष्यभर ४०७ वर राहिले. त्या गाडीवर त्यांनी घर बांधलं, मुलींची लग्नं केली. त्या गाडीचा आणि मामांचा मला आदरच आहे. पण मामेभावाने माझ्या सांगण्यावरून दीड लिटरची पिकअप घेतली तेव्हा मामा म्हणाले, "हे शिलाई मशीन घाट चढणार होय?" गाडी दोन सीझन उत्तम चालली. रात्री टोमॅटो भरून वाशी, सकाळी भिवंडीवरून परतीचं भाडं. ॲव्हरेजही मामांच्या गाडीपेक्षा पुष्कळ बरा. मग एकदा भिवंडीचा माल घेऊन कसारा चढताना ओढ गेली, मागून निळा धूर. टर्बो गेला. गाडी टो करून माझ्याकडे आली आणि मागोमाग मामाही आले. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं बसलेली असताना त्यांनी सगळ्यांसमोर मला ऐकवलं की तुझ्या नादाने पोरगं रस्त्यावर बसलं.

मी काही बोललो नाही. टर्बो त्यांच्यासमोर खोलला. शाफ्ट बोटाने हलत होता, पंखा घासून गेलेला. ऑइल नेणारी नळी काढली तर आत कार्बन धरून भोक जवळपास बुजलेलं. चेंबरचं ऑइल काढलं, घट्ट काळं, खाली गाळ. मामेभावाला विचारलं, ऑइल कुठलं? तर मामांनी ४०७ साठी आणून ठेवलेल्या बॅरलमधलं! आणि घाट चढून वर आलास की काय करतोस? "हॉटेलला लावतो आणि लगेच बंद. उभ्या गाडीत डिझेल जाळायचं नाही, अण्णांनी शिकवलंय." अण्णा म्हणजे आमचे मामाच.

सगळा घोळ इथे आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. भरलेल्या गाडीने घाट चढल्यावर तो भाग लालबुंद तापलेला असतो. त्याच क्षणी चावी फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेलं ऑइल जागीच जळून कार्बन होतं. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू चालू ठेवलं तर हे होत नाही. मामांची शिकवण त्यांच्या गाडीला बरोबर होती, ४०७ ला जपण्यासारखा टर्बोच नव्हता. ऑइलचंही तसंच. २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीला बहुतेक ठिकाणी धुराड्यात काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते, तिला कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घाला, सुटं ऑइल नको. नवा टर्बो टाकला, इंजिनाला हातसुद्धा लावावा लागला नाही, गाडी आजही वाशीला जाते. मामा मात्र प्रत्येक लग्नकार्यात 'ते लहान इंजिन बसलं होतं' असंच सांगतात. बसलं नव्हतं. टर्बो गेला होता, आणि का गेला ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

अमेरिकेतही हाच वाद आहे. राम कंपनीने २०२५ च्या १५०० पिकअपमधून ५.७ लिटरचं हेमी व्ही८ काढून तीन लिटरचं ट्विन टर्बो दिलं. ताकद ३९५ वरून ४२० हॉर्सपॉवर झाली, तरी गिऱ्हाइकांनी इतका गलका केला की २०२६ ला हेमी परत आणावं लागलं. मोठ्या इंजिनाचा आवाज लोकांना आवडतो, ते मी समजू शकतो. पण आवडीला ताकद म्हणू नये.

तुमच्या घाटाच्या भीतीबद्दल: निफाडहून वाशीला जाताना भरलेली गाडी कसारा उतरते. चढते ती परतीला, रिकामी किंवा भाडं असेल तेवढीच. म्हणजे तुम्ही चिंता उताराची करायला हवी, आणि तिथे मोठं इंजिन खरंच सरस आहे. गिअरमध्ये गाडी रोखून धरण्याची ताकद बरीचशी सीसीवर असते, टर्बो त्यात मदत करत नाही. दीड लिटरवाली एक गिअर खाली टाकून उतरवा, नाहीतर ब्रेक तापून वास येईल.

दुसरं म्हणजे शेतातला रस्ता. कमी आरपीएमला टर्बो हवा देत नाही. चिखलात भरलेली गाडी जागेवरून उचलताना लहान इंजिनाचा ड्रायव्हर अर्धा क्लच धरून ठेवतो आणि क्लचप्लेट जळते. माल बांधावरून स्वतः उचलणार असाल आणि पावसाळाभर तेच काम असेल, तर २.५ लिटरच घ्या. माल डांबरी रस्त्यावर भरून मिळत असेल तर दीड लिटर घ्या, डिझेलमध्ये पैसे वाचतील. जुनी, दोन-तीन हात फिरलेली घ्यायची असेल तरी मोठंच बरं. लहान टर्बोवाल्याने ऑइल कधी आणि कुठलं बदललं हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'कधी कधी दोन टनही टाकू'. १,५०० किलो पासिंग (कागदोपत्री मंजूर वजन) म्हणजे २० किलोचे ७५ क्रेट. शंभर टाकले तर इंजिन कुठलंही असो, पाटे, ब्रेक आणि टायर तेच राहतात. दोन टन खरंच लागत असतील तर तेवढ्या पासिंगची गाडी बघा, सीसी मग बघू.