मोठ्या खासगी शाळेत घातल्याने पुढे टॉपच्या कॉलेजात नंबर लागायला मदत होते का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला सुदामा नगरात राहता, मुलगी चौथीत आहे, आत्ताच्या शाळेची फी वर्षाला सत्तर हजार, आणि पाचवीपासून तिला साडेतीन लाखवाल्या मोठ्या शाळेत टाकावं का, म्हणजे पुढे आयआयटी नाहीतर तसल्याच एखाद्या कॉलेजात जायला सोपं जाईल. सरळच सांगते, नुसतं एवढ्यासाठी टाकत असाल तर टाकू नका. का ते सांगते, जरा लांबेल.

मी पण इंदूरचीच, रामबागेत वाढले. अशाच एका मोठ्या शाळेत सहा वर्षं नववी ते बारावीला गणित शिकवलं, नाव लिहीत नाही, आणि २०११ पासून घरीच बॅच घेते, त्यामुळे त्या शाळांतली मुलं आणि एमपी बोर्डाची मुलं दोन्ही एकाच सतरंजीवर बसवून शिकवलीयेत.

आधी हे बघा की कॉलेजच्या दारात काय विचारतात. इंजिनियरिंगला जेईई मेनचा ३०० मार्कांचा पेपर, त्यातून अडीच लाखांच्या आसपास मुलं आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात, तिथे एकाच दिवशी दोन पेपर, मग रँकवर जोसाचं काउन्सेलिंग, म्हणजे कोणाला कुठली जागा ते वाटप. यात कुठेही कोणी शाळेचं नाव विचारत नाही, बारावीला ७५ टक्के हवेत किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असायला हवं, झालं. मेडिकलच्या नीट परीक्षेचंही तसंच, ७२० पैकी किती ते बोला. उलट आपल्या एमपीत सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना एमबीबीएसच्या ५ टक्के जागा वेगळ्या ठेवल्यात. दिल्ली युनिव्हर्सिटीचं तर २०२१ पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर चालायचं, काही कॉलेजांचा कटऑफ अक्षरशः १०० टक्के लागला होता, तेव्हा माझी एमपी बोर्डाची हुशार मुलं हात चोळत बसायची कारण त्यांना तेवढे मार्क पडायचेच नाहीत. २०२२ पासून सीयूईटी ही सगळ्यांना एकच प्रवेश परीक्षा आली आणि तो सगळा हिशोबच बदलला, आता एनसीईआरटीची पुस्तकं नीट केलेली मुलगी कुठल्याही शाळेतून येवो, तिला चान्स आहे.

आता तुम्ही म्हणाल की मोठ्या शाळांच्या गेटवर एवढे टॉपरचे फोटो लागतात ते काय खोटे असतात का. खोटे नसतात हो. पण मी आतून बघितलंय ना, अकरावीत गेलं की त्यातली बरीचशी मुलं दुपारनंतर भंवरकुआ नाहीतर गीता भवनकडच्या कोचिंगला पळायची, काही तर शाळा सोडून डमी ॲडमिशन घ्यायची, म्हणजे नाव दुसऱ्या शाळेत पण दिवसभर कोचिंगला, आणि ज्यांचे फोटो लागले त्यातल्या बहुतेकांचे आईवडील डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर, घरात पुस्तकं, अभ्यासाला वेगळी खोली, डाउट आला तर विचारायला माणूस. ही मुलं कुठेही शिकली असती तरी बरीच पुढे गेली असती. हुशार आणि सुखवस्तू घरची मुलं निवडून घ्यायची आणि मग त्यांचा रिझल्ट आपला म्हणून लावायचा, हे मला तेव्हाही पटायचं नाही, आजही नाही.

हे नुसतं माझंच मत नाही. अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्कला काही नामी सरकारी शाळा आहेत, बोस्टन लॅटिन, स्टायव्हसंट वगैरे, फी नाही पण ॲडमिशनला परीक्षा. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात कटऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली आणि थोडक्यात हुकून बाहेर राहिलेली मुलं पुढे कशी निघाली ते ताडून बघितलं. एकदोन मार्कांनी इकडे-तिकडे झालेली मुलं म्हणजे बुद्धीने सारखीच, फरक फक्त शाळेचा. आणि निघालं काय, तर पुढच्या परीक्षांच्या मार्कांत किंवा कॉलेज किती चांगलं मिळालं यात म्हणावा असा फरकच नव्हता. त्या शाळा खासगी नाहीत हे खरं, पण भोवती सगळी हुशार मुलं असली की आपलंही पोर आपोआप वर जाईल हा जो आपला समज असतो, तो तिथे टिकला नाही. मी बॅचमधल्या पालकांना हे वहीवर आकृती काढून समजावते.

पण एक सांगायलाच हवं, सगळीकडे असं नाही. जिथे नुसता पेपर नसून फाइल वाचतात, निबंध, शिफारसपत्रं, खेळ, तिथे मोठ्या शाळेचा फायदा होतो आणि चांगलाच होतो. अमेरिकेतल्याच हार्वर्डसारख्या बारा कॉलेजांवर २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात तिथल्या सॅट या प्रवेश परीक्षेचे सारखेच मार्क असलेल्या मुलांमध्ये वरच्या एक टक्का श्रीमंत घरातल्या मुलाला मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त चान्स होता, आणि त्याचं एक कारण हेच की खासगी शाळांतल्या मुलांना अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचे गुण जास्त मिळतात. इंग्लंडमध्ये जेमतेम सात टक्के मुलं खासगी शाळेत शिकतात पण ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ती तीस टक्क्यांच्या आसपास असतात. तर बारावीनंतर परदेशी पाठवायचं पक्कं असेल आणि तिथली फी झेपणार असेल, तर मोठ्या शाळेला अर्थ आहे, तिथे त्या कामाला वेगळा काउन्सेलर असतो. आपल्या इंदूरच्या आयआयएमच्या, बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सलाही परीक्षेनंतर इंटरव्ह्यू असतो, तिथे चारचौघांत बोलायची सवय कामी येते. या शाळा मुळात त्यासाठीच निघाल्या होत्या, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची सिंदिया शाळा १८९७ ची, सरदारांच्या मुलांसाठी, आपलं इंदूरचं डेली कॉलेज, नावात कॉलेज असलं तरी शाळाच, संस्थानिकांच्या मुलांसाठी. घोडेस्वारी, भाषण, चालणं-बोलणं हे त्यांचं मूळ काम, आणि ते त्या छान करतात. एन्ट्रन्सची तयारी हे त्यांचं काम कधी नव्हतंच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीये ती. त्या शाळेतल्या मुलांकडे एक असं असतं जे माझ्या साध्या शाळेतल्या मुलांकडे नसतं, आणि ते म्हणजे खबर. कुठला फॉर्म कधी निघतो, अमुक नावाची संस्था आहे, तमुक परीक्षा असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती, वडील सियागंजात मसाल्याच्या पेढीवर हिशोब लिहायचे, शाळा अगदी साधी, पण गणित असं की मी एक रीत सांगावी आणि तिने दुसऱ्या दिवशी तिसरीच घेऊन यावी. इंजिनियरिंगमध्ये तिला काडीचा रस नव्हता, तरी सगळे देतात म्हणून जेईई दिली, बेताचाच रँक आला. जुलैत पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, ताई, नुसतं गणितच शिकवणारं कुठलं मोठं कॉलेज नसतं का हो? आहे ना, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट म्हणजे आयएसआय आहे, कोलकात्याला बी.स्टॅट., बंगलोरला बी.मॅथ., चेन्नईला सीएमआय म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, त्यांच्या परीक्षा वेगळ्या. पण फॉर्म कधीच बंद झाले होते आणि परीक्षाही होऊन गेल्या होत्या. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं तर मी सांगायला हवं होतं, दोन वर्षं माझ्यासमोर बसत होती आणि मी जेईईच्या मॉड्यूलमध्येच अडकून होते. त्याच वर्षी माझ्याच बॅचमधल्या मोठ्या शाळेतल्या एका मुलाने, जो तिच्याहून गणितात बराच कच्चा, यातले दोन्ही फॉर्म भरले होते कारण त्याच्या शाळेत नोटीस बोर्डावर लागलं होतं. ती रात्र मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत एक मोठा तक्ता आहे, जेईई, नीट, सीयूईटी, विज्ञानासाठी आयसरची परीक्षा, आयएसआय, डिझाइनसाठी एनआयडी, वकिलीसाठी क्लॅट, कोणता फॉर्म साधारण कोणत्या महिन्यात निघतो ते सगळं, आणि नववीची मुलंसुद्धा तो वाचतात.

म्हणजे साडेतीन लाखांत जी एक खरी कामाची गोष्ट मिळते ती तुम्ही घरबसल्या फुकटात मिळवू शकता. बाकी हिशोब तुम्हीच बघा, फरक वर्षाला २ लाख ८० हजार, पाचवी ते बारावी आठ वर्षं, झाले २२ लाख ४० हजार, बस, ट्रिप, युनिफॉर्म वेगळं आणि दरवर्षी फी वाढणार ते वेगळंच. आयआयटीत चार वर्षांची ट्यूशन फी जनरलला ८ लाख आहे. हेच पैसे मुलीच्या नावाने बाजूला पडले तर उद्या ती डिझाइनला जाते म्हणाली, रिसर्चला जाते म्हणाली, तरी तुम्हाला नाही म्हणायची वेळ येणार नाही.

हां, आत्ताची शाळा खरंच वाईट असेल, शिक्षक टिकत नसतील, मुलगी घाबरून जात असेल, तर बदला, बेधडक बदला, पण मग वर्गात मुलं किती, गणित-विज्ञानाचे सर-मॅडम किती वर्षं टिकून आहेत आणि अकरावीत किती मुलं शाळा सोडून जातात एवढं विचारून बदला, स्विमिंग पूल बघून नको. चौथीत तिला अपूर्णांक समजतायत का आणि मराठी-हिंदी-इंग्लिश जे हाती पडेल ते ती आवडीने वाचते का, मी तुमच्या जागी असते तर सध्या एवढंच बघितलं असतं. सातवी-आठवीत गणिताला घाबरणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं घोडं अपूर्णांकातच अडलेलं असतं, मग शाळा कुठलीही असो.

आणि हो, ती नवी शाळा बायपासच्या पलीकडे असेल तर बसमध्ये रोजचे किती तास जाणार ते तुम्ही लिहिलं नाहीये. तेवढं कळवा, मग पुढचं सांगते.