ताईंना विचारा: गावाकडचा रविवार

प्रश्न: लग्नानंतर मी पुण्याहून पुरंदर तालुक्यातल्या गावी आले. रविवारी सगळे घरी असतात, पण निवांत कुणीच नसतं. सासूबाई पहाटेपासून चुलीशी. इथे रविवारची सुट्टी नसतेच का?

उत्तर: अगं, मी त्याच पट्ट्यातली. सुट्टीचा रविवार आला गिरण्यांतून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये तो मिळवला. शेतीला तो कधी लागू झालाच नाही. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नसत, तीच शिवाराची सुट्टी.

रविवार खंडोबाचा. सकाळी तळी भरायची: ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा. पाच जणांनी मिळून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ती उचलायची. वडिलांच्या नखांच्या कडांना तो पिवळा रंग पुढे दोन दिवस दिसायचा. तो मला फार आवडायचा.

मग पाहुण्यांची पंगत. आई सगळ्यांत शेवटी बसायची, तोवर भाकरी गार आणि कालवणाच्या पातेल्याचा तळ दिसायला लागलेला. ती कधी बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, येत्या रविवारी पहिलं ताट सासूबाईंना वाढ. तू भाकऱ्या थाप, नवऱ्याला भांडी घासू दे. दुपार कलली की त्यांना घेऊन जेजुरीला जा. गडाच्या पायऱ्यांवर मध्येच दम खायला बसाल ना, तेव्हा त्यांना त्यांच्या माहेरचा रविवार विचार.