मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने क्लॅटच्या इंग्रजी उताऱ्यांचा सराव कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही सेलूचे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, सध्या बारावी कला शाखेत, छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, देणार आहात. शब्दांच्या याद्या पाठ केल्या, व्याकरणही बरे आहे, तरी एक उतारा वाचायला दहा-बारा मिनिटे लागतात आणि निम्मी उत्तरे चुकतात. काय वाचावे, किती वाचावे आणि त्यासाठी लातूरला क्लास लावावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि हीच अडचण घेऊन येणारी मुले-मुली दरवर्षी माझ्यापुढे बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी परीक्षेचे स्वरूप लक्षात घ्या. क्लॅटच्या पदवी प्रवेश परीक्षेत सध्या 120 प्रश्न आणि 120 मिनिटे असतात. बरोबर उत्तराला 1 गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला 0.25 गुण वजा होतो. त्यांपैकी 22 ते 26 प्रश्न इंग्रजीचे, आणि ते सुमारे 450 शब्दांच्या उताऱ्यांवर आधारलेले. बारावीच्या विद्यार्थ्याला असा उतारा 5 ते 7 मिनिटांत वाचता यावा, अशी परीक्षा घेणाऱ्यांची अपेक्षा आहे. परंतु खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. 2020 पासून कायदा, चालू घडामोडी आणि तर्क हे विभागही उताऱ्यांवरच बेतलेले आहेत, त्यामुळे वाचनाचा वेग कमी असला तर नुकसान केवळ इंग्रजीच्या विभागात होत नाही, सगळ्या पेपरात होते. याच कारणाने 2020 पूर्वीच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीच्या सरावासाठी घेऊ नका; त्यांत सुट्या शब्दार्थांचे आणि व्याकरणाचे प्रश्न पुष्कळ आहेत आणि तुमचा वेळ तिकडे जाईल.

आता तुमच्या दहा-बारा मिनिटांकडे वळू. माझ्या मते हा वेळ अवघड शब्दांमुळे जात नाही, प्रत्येक वाक्य दोनदा वाचल्यामुळे जातो. मराठीत 'ज्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला योजनेला विरोध केला होता, त्यांनीच नंतर तिची प्रशंसा केली' असे आपण म्हणतो. विशेषण-वाक्य आधी येते आणि मुख्य क्रियापद शेवटी. इंग्रजीत हेच वाक्य 'द ऑफिसर्स हू हॅड ऑपोज्ड द प्लॅन इन द बिगिनिंग लेटर प्रेज्ड इट' असे येते, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचे ते अधिकारी प्रथम, त्यांची माहिती मध्ये आणि मुख्य क्रियापद त्यानंतर. मराठी माध्यमाचा विद्यार्थी हे वाक्य शेवटपर्यंत नेतो, मनात मराठी वाक्य जुळवण्यासाठी पुन्हा मागे येतो, आणि या ये-जा मध्ये कधीकधी 'प्रेज्ड' हातातून निसटते व 'ऑपोज्ड' तेवढे लक्षात राहते. मग अधिकारी योजनेच्या विरोधात होते असे उत्तर लिहून तो मोकळा होतो.

यावर उपाय म्हणजे भाषांतर थांबवणे, पण 'भाषांतर करू नका' एवढे सांगून ते थांबत नाही. पेन्सिल घ्या आणि वाक्याचे अर्थाप्रमाणे तुकडे पाडत, इंग्रजीच्याच क्रमाने पुढे जा: अधिकारी, ज्यांनी विरोध केला होता योजनेला, सुरुवातीला, नंतर वाखाणली ती. मराठी म्हणून हे ओबडधोबड आहे, आणि तसेच असू द्या. लांब वाक्यात कर्त्याखाली एक रेघ आणि त्याच्या मुख्य क्रियापदाखाली दुसरी रेघ मारा. काही आठवडे हे केले की रेघांची गरज उरत नाही, डोळा आपोआप क्रियापद हेरतो. सोबतच 'हाउएव्हर', 'येट', 'ऑल्दो', 'अनलेस', 'हार्डली' अशा शब्दांना गोल करण्याची सवय लावा. लेखक आधी इतरांचे म्हणणे मांडतो आणि 'हाउएव्हर'नंतर बहुधा स्वतःचे. मुख्य मुद्दा विचारणारा प्रश्न त्याच वळणावर बसलेला असतो.

उत्तरे चुकण्याचे कारण वेगळे आहे. समजा, परीक्षेत लातूरच्या पाण्यावर उतारा आला. त्यात लिहिले आहे की एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, स्थानकावर छायाचित्रकारांची गर्दी झाली, तरी शहरातल्या टँकरपुढच्या रांगा काही हटल्या नाहीत. आणि शेवटी लेखक म्हणतो की ज्या शहराला तीनशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणावे लागते, त्याने आपल्या भोवतीच्या शेतांत काय पिकते याचाही हिशेब मांडला पाहिजे. प्रश्न येतो: लेखकाचे मुख्य म्हणणे काय? पहिला पर्याय म्हणतो की रेल्वेने आलेले पाणी अपुरे होते. दुसरा म्हणतो की तातडीची मदत ही पाण्याच्या आणि पिकांच्या नियोजनाला पर्याय ठरू शकत नाही. तिसरा म्हणतो की लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले होते. चौथा म्हणतो की मराठवाड्यात उसाच्या लागवडीवर पूर्ण बंदी घातली पाहिजे.

आपल्या भागातले विद्यार्थी येथे तिसऱ्या पर्यायाकडे ओढले जातात, कारण ते खरेच आहे. मांजरा आटले होते हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु या उताऱ्यात मांजऱ्याचे नाव कोठेही नाही, आणि परीक्षक तुम्हाला काय ठाऊक आहे हे विचारत नाही, लेखकाने काय लिहिले हे विचारतो. पहिला पर्याय उताऱ्यात आहे, पण तो एक तुकडा झाला, सगळ्याचे सार नव्हे. चौथा पर्याय लेखकाच्या दिशेने जातो आणि त्याच्याही पुढे जातो. हिशेब मांडा म्हणणे वेगळे आणि बंदी घाला म्हणणे वेगळे. उरतो तो दुसरा. चुकीचे पर्याय बहुतेक वेळा याच तीन तऱ्हांचे असतात: खरे पण उताऱ्याबाहेरचे, उताऱ्यातले पण अपुरे, आणि लेखकाच्या तोंडी नसलेले टोकाचे विधान घालणारे. ज्या पर्यायात 'ओन्ली', 'ऑलवेज', 'नेव्हर' असे शब्द दिसतील त्याकडे दोनदा पाहावे.

म्हणून सरावाची एक वही करा. उतारा सोडवून उत्तरे ताडून पाहिली की चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तीन गोष्टी लिहा: मी कोणता पर्याय निवडला, तो कोणत्या तऱ्हेने चुकीचा होता आणि बरोबर उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवर उभे आहे. ती ओळ इंग्रजीतच जशीच्या तशी उतरवून घ्या. ज्या उत्तराला ओळ दाखवता येत नाही ते उत्तर बरोबर आले असले तरी त्याला अंदाज समजा आणि तेही वहीत घ्या. दिवसाला दोनच उतारे असे सोडवणे हे दहा उतारे सोडवून फक्त गुण मोजण्यापेक्षा मला अधिक उपयोगाचे वाटते. लातूर पॅटर्नचे मला कौतुक आहे, पण तेच तेच पेपर पुन्हा पुन्हा सोडवण्याची ती शिस्त जीवशास्त्राला जितकी फळते तितकी येथे फळत नाही, कारण उतारा दरवेळी नवा असतो.

काय वाचावे, याचे प्रचलित उत्तर इंग्रजी वृत्तपत्रांचे अग्रलेख हे आहे. तुमच्यासाठी ते सध्या लवकरचे आहे. तुम्ही आधी बालभारतीची इंग्रजी माध्यमाची नववी-दहावीची इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोलाची पुस्तके वाचा. ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तुम्ही तेच धडे मराठीत शिकलेला आहात, त्यामुळे आशय ओळखीचा असतो आणि सारे लक्ष वाक्यरचनेकडे देता येते. संसद, न्यायालय, निवडणूक यांची इंग्रजी परिभाषाही ओघाने येते, जी पुढे कायद्याच्या उताऱ्यांना लागेल. ही पुस्तके सहज वाचता येऊ लागली की एनसीईआरटीची अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची पुस्तके घ्या, आणि मगच अग्रलेख. मध्ये थोड्या कथाही वाचा, कारण क्लॅटमध्ये ललित उतारेही येतात आणि त्यांत पात्राच्या मनातले न बोललेले विचारलेले असते. तेथे माहिती शोधण्याची सवय कामी येत नाही.

शब्दांच्या याद्या आता बाजूला ठेवा. वाचताना अडलेल्या शब्दावर थांबायचे नाही. आजूबाजूच्या वाक्यांवरून तो चांगल्या अर्थाचा की वाईट, वाढ सांगणारा की घट, एवढा अंदाज घेऊन पुढे जायचे आणि उतारा संपल्यावर कोश उघडायचा. शब्द वहीत घेतलात तर त्याच्या वाक्यासकट घ्या. याला एकच अपवाद आहे. लेखकाचा सूर विचारणाऱ्या प्रश्नांत 'क्रिटिकल', 'स्केप्टिकल', 'इन्डिफरंट', 'नॉस्टॅल्जिक' असे वीस-पंचवीस शब्द फिरून फिरून येतात, ते मात्र सरळ पाठ करून टाका.

घड्याळ लगेच लावू नका. पहिला महिना वेळ न मोजता वाचा, नंतर उताऱ्याला आठ मिनिटे, त्यानंतर सहा असे खाली या. आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात; मला ती क्लॅटसाठी पटत नाही, कारण एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न असतात आणि ते सारे डोक्यात ठेवून वाचताना लेखकाचा धागा सुटतो. उत्तराबद्दल शंका असेल तेव्हा साधा हिशेब करा: दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्यांतून एक निवडणे फायद्याचे आहे, कारण बरोबर आले तर मिळणारा गुण हा वजा होणाऱ्या गुणाच्या चौपट आहे. तुम्ही सोबत सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, देणार असाल तर तेथे +5 आणि -1 असे गुण आहेत, पण ती परीक्षा संगणकावर होते, म्हणून तिचे काही उतारे पडद्यावर वाचण्याचा सराव वेगळा ठेवा. क्लॅट मात्र कागदावर होते. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर सोडवू नका. परीक्षा घेणाऱ्या कन्सोर्शियमच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या, संकेतस्थळावरून उतरवून त्यांच्या झेरॉक्स काढा आणि हातात पेन्सिल घेऊन सोडवा.

क्लासबद्दल सांगायचे तर केवळ या विभागासाठी सेलू सोडून लातूरला खोली घेण्याची गरज मला दिसत नाही. कायद्याच्या आणि तर्काच्या विभागांसाठी मार्गदर्शन हवे असेल तर तो विचार निराळा. इंग्रजीसाठी तुम्हाला आठवड्यातून एकदा ती चुकांची वही पाहणारे आणि 'ही ओळ का घेतली?' असे विचारणारे कोणीतरी लागेल, आणि ते काम तुमच्या महाविद्यालयातले इंग्रजीचे सर किंवा मॅडम करू शकतील. त्यांच्याकडे जाताना कोरा प्रश्न घेऊन जाऊ नका, वहीतले तीन-चार अडलेले प्रश्न खूण करून न्या.