एचबीए१सी ६.१ आलंय. मधुमेह खरंच टळतो का, की भात सोडून नुसती वाट बघायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३९, उंची साडेपाच फूट, वजन ६६ किलो, वडिलांना मधुमेह. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टरांनी ‘गोड बंद करा, चालायला लागा’ एवढंच सांगितलं. आता गोळी घ्यावी का, भात कायमचा सोडावा का, आणि इतकं करून हे टळतं का?

मी डॉक्टर नाही. सांगलीत बँकेत काउंटरला बसते, वय ५१. दुसऱ्या बाळंतपणात माझी शुगर वाढली होती, बाळ झाल्यावर उतरली आणि सगळे विसरून गेलो. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती रिपोर्टात ६.२ होऊन परत उगवली. तेव्हापासून ५.७ ते ६.१ मध्ये फिरतेय. मधुमेहाची रेघ ६.५ वर आहे, ती अजून ओलांडलेली नाही. त्यामुळे या उंबरठ्यावर राहायचं कसं, एवढं मला सांगता येईल.

आधी ‘टळतं का’ ते. अमेरिकेत साखर अशीच उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर झालेला मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो. पण आपल्यासाठी जास्त कामाचा अभ्यास भारतातला, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा. ५३१ लोक, साधारण तीन वर्षं. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा पाठपुरावा केलेल्यांत ३९ टक्क्यांना. म्हणजे फरक पडतो, चांगलाच पडतो, पण पाठपुरावा झालेल्यांतही दहातले चार जण रेघ ओलांडून गेले. हे कुणी सांगत नाही, आणि मग वर्षभर घाम गाळून रिपोर्ट ६.१ चा ६.० झाला की माणूस खचतो आणि सोडून देतो.

म्हणून मी टाळण्यापेक्षा लांबवण्याचा हिशेब धरते. चीनमध्ये डाचिंग नावाच्या तेलनगरीत १९८६ साली अशाच लोकांवर सहा वर्षं आहार-व्यायामाचा प्रयोग झाला आणि पुढे त्यांचा तीस वर्षं मागोवा घेतला गेला. मधुमेह साधारण चार वर्षं पुढे गेला होता, आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होते. डोळे, किडनी, पायाच्या नसा यांना चार वर्षं कमी साखर सोसावी लागली तर ती मला कमाईच वाटते.

‘वजन तर फार नाही’ असं तुम्ही लिहिलंय. साडेपाच फुटाला ६६ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साडेतेवीस. युरोपियन माणसासाठी हे एकदम ठीक. आपल्यासाठी जास्त वजनाची रेघ २३ वरच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार मजेशीर दाखवलंय. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापून आले होते. तेव्हा काटा बाजूला ठेवा, शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, याच्या वर असेल तर हातपाय काडीसारखे असले तरी पोटातली चरबी आपलं काम करतेय असं समजायचं. तुम्हाला दहा किलो उतरवायचे नाहीत. तीन-चार किलो आणि तेही पोटावरून गेले तर पुष्कळ.

आता खाणं. यावर जास्त लिहिणार आहे, कारण ‘गोड बंद करा’ हा सल्ला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत अपुरा आहे. गोड मी पंधरवड्यात सोडलं. चहा बिनसाखरेचा झाला, त्याचीही सवय झाली. रिपोर्ट फारसा हलला नाही. कारण आमच्या घरचं रोजचं ताट बघा: तीन चपात्या, बटाट्याची भाजी, वर भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ आमटी. सकाळी पोहे. संध्याकाळी पाचला भडंग, सांगलीत दुसरं काय खाणार. यात गोड कुठेच नाही, पण दिवसभर पोटात पीठ आणि तांदूळच जातोय. पोहे आणि चुरमुरे म्हणजे तांदूळच, फक्त हलका दिसतो.

मी ग्लुकोमीटर आणून घरीच बघितलं. मोठी ताटली पोहे खाल्ल्यावर दोन तासांनी १६८. मटकीची दोन वाट्या उसळ, काकडीची कोशिंबीर आणि एक भाकरी खाल्ल्यावर १२९. पोट दोन्हींनी भरलं होतं. तुमचे आकडे वेगळे येतील, आणि घरच्या मीटरमध्ये थोडं मागेपुढे होतंच, पण आठ-दहा पट्ट्या खर्च करून आपलं नेहमीचं जेवण तपासून बघा. दंडावर चिकटवायचा सेन्सर हल्ली मिळतो, तो महाग आहे आणि आपल्यासारख्यांना त्याची गरज नाही असं माझं मत.

भात कायमचा सोडायचा का? नाही. मी भाताची वाटी ठरवली, आमटीची वाटी मोठी केली आणि आमटी घट्ट केली. चपात्या तीनच्या दीड. त्या जागी उसळ, पिठलं, दही, अंडं, मूठभर शेंगदाणे. आपल्या शाकाहारी जेवणात प्रथिनं फार कमी पडतात, आणि धान्य नुसतं कमी केलं, जागा रिकामी ठेवली, तर अकरा वाजता बिस्किटांचा पुडा फुटतोच. दुसरी युक्ती फुकटची आहे: ताटात जे आहे तेच, फक्त क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग भाकरी, भात शेवटी. साखर हळू चढते.

आमच्या भागात सध्या खपलीचं फार आहे. शुगरवाल्यांचा गहू म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकतात. चवीला छान आहे, खीर तर खपलीचीच खावी, चोथा असल्याने साध्या गव्हापेक्षा बरीही असेल. पण खपलीच्या चार चपात्या म्हणजे चार चपात्याच. ज्वारीचंही तेच. भाकरीने फायदा होतो तो मुख्यतः दोन भाकऱ्यांत पोट भरतं म्हणून. गुळाबद्दल तर बोलूच नका. आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे, ‘घरचा सेंद्रिय गूळ आहे, याने काही होत नाही’ हे मी दर दिवाळीला ऐकते. रक्तात गेल्यावर गूळ, मध, काकवी आणि साखर यांत तुमचं स्वादुपिंड असा भेद करत नाही. ‘डायबेटिक’ लिहिलेली बिस्किटं बऱ्याचदा मैद्याची निघतात. मेथीदाणे, कारल्याचा रस घ्यायचा तर घ्या, पण त्याच्या भरवशावर तिसरी चपाती वाढून घेऊ नका.

उपवास हा मोठा सापळा. साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, वर रताळ्याचा कीस आणि केळं, म्हणजे एरवीपेक्षा दुप्पट पिठूळ. मी संकष्टीला आता साधं जेवते. गणपती सांगलीचाच आहे, समजून घेतो.

खरी अडचण यातली कुठलीच नाही, ती घरची आहे. सासूबाईंना वाटायचं, सून उपाशी मरतेय. ‘अगं, दीड चपातीत काय होतंय?’ रोज. नवऱ्याला पहिले काही आठवडे उसळींचा कंटाळा आला. वेगळा स्वयंपाक करण्याच्या भानगडीत पडू नका, तो महिनाभर टिकतो. सगळ्यांसाठी तेच करायचं, ज्याला भात जास्त हवा त्याने घ्यावा. तुम्ही पुरुष असाल आणि घरी बायको किंवा आई रांधत असेल, तर ‘मला आता हे चालत नाही’ असं फर्मान काढण्याआधी आदल्या रात्री मटकी तुम्हीच भिजत घाला.

चालण्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलंच आहे, त्यात एक भर. सकाळी आमराईत चार चकरा मारून दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं साखरेला जास्त लागू पडतं असा माझा अनुभव आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि हलता स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. शतपावली घालायची, फक्त शंभर पावलांवर भागत नाही. आणि नुसतं चालून स्नायू वाढत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, काहीतरी जोराचं हवं. चाळिशीनंतर स्नायू आपोआप घटतात, हे बायकांना कुणी सांगत नाही.

दोन वेळच जेवायचं ही दीक्षित डॉक्टरांची पद्धत आमच्या शाखेत निम्म्यांनी करून बघितली. काहींची पोटं खरंच उतरली. मला झेपली नाही, दुपारी डोकं धरायचं. ज्याला जमते त्याने करावी. ज्यांना साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नये.

गोळीचं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं आणि स्वस्त औषध आहे. त्या अमेरिकन अभ्यासात तिने धोका ३१ टक्क्यांनी कमी केला, फायदा जास्त झाला तो खूप वजन असलेल्यांना, साठीच्या आतल्यांना आणि गरोदरपणात साखर झालेल्या बायकांना. चेन्नईच्या अभ्यासात गोळी आणि आहार-व्यायाम दोन्ही एकत्र देऊन वेगळा जास्तीचा फायदा दिसला नाही. मी गरोदरपणात साखर झालेल्यांतली, म्हणून डॉक्टरांनी मला गोळीचं विचारलं होतं. आम्ही सहा महिने थांबायचं ठरवलं आणि गरज पडली नाही. तुमचं ठरवायचं तुमच्या डॉक्टरांबरोबर, पण दोन मिनिटांत नको. गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व तपासत राहावं लागतं, आपल्यातल्या शाकाहाऱ्यांचं ते आधीच कमी असतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी विचारा. एक, हिमोग्लोबिन. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दाखवतं, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्ताचा काही आजार असेल तर उगाच कमी. दोन, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती तपासणी. आपल्याकडे लॅबवाले ‘जेवून या’ म्हणतात, आणि कुणी दोन इडल्या खाऊन येतो, कुणी बिर्याणी. ग्लुकोजची तपासणी सगळ्यांना सारखी असते. त्यात १४० ते १९९ आलं तर आपण या मधल्या पट्ट्यात, २०० किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह, तो आकडा पुन्हा तपासून पक्का करतात. उपाशीपोटीची साखर रात्री लिव्हर काय करतं त्यावर असते, त्यामुळे रात्री न जेवताही सकाळी ११० येऊ शकतं; त्याने घाबरून दुसऱ्या रात्री उपाशी राहू नका. कोलेस्टेरॉल त्याच रक्तात उरकून घ्या, आणि बीपीही मोजून घ्या.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करण्यात अर्थ नाही, ते साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवतं. पहिल्या वर्षी दोनदा, मग आकडा स्थिर असेल तर वर्षातून एकदा. मध्येच वारंवार लघवी, सारखी तहान, वजन आपोआप उतरणं असं काही दिसलं तर वर्ष मोजत बसू नका, लगेच जा. आणि वडिलांना आहे, तुम्हाला हे निघालं, तेव्हा तुमच्या सख्ख्या भावंडांनाही या महिन्यात रक्त द्यायला पाठवा. बहीण असेल आणि तिला बाळंतपणात साखर झाली असेल तर तिला सगळ्यांत आधी.