वडिलांची पेन्शन थकते, म्हणून मुलाने महापालिकेची नोकरी नाकारावी का?

परभणी जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. यजमान महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झाले. पेन्शन दोन-दोन, तीन-तीन महिने मागे पडते, सातव्या वेतन आयोगाचा फरकही पूर्ण मिळालेला नाही. मुलाचा सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि आता दुसऱ्या एका महापालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून त्याची निवड झाली आहे. वडील म्हणतात, "जुनी पेन्शन नाही, वर पालिकेची तिजोरी रिकामी. जाऊ नको, राज्य सरकारच्या परीक्षेची अजून एक वर्ष तयारी कर." मुलाला रुजू व्हायचंय. आई विचारतात, ऐकायचं कुणाचं?

ताई, यजमानांची चिडचिड मला समजते. तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून, पहाटे पाणी सोडून काढली आणि आता औषधाच्या दुकानात उधारी सांगावी लागते. हे चूकच आहे. पण त्यांच्या अनुभवातून ते मुलाला जो सल्ला देताहेत, तो मला पटत नाही. त्यांची अडचण झाली ती जुन्या पेन्शनमुळेच. तिची हमी ज्या तिजोरीवर होती, ती तिजोरी अशक्त निघाली.

जुन्या पेन्शनसाठी पगारातून काही कापलं जात नाही. निवृत्तीनंतरची रक्कम पालिकेने द्यायची, आणि तिने वेगळा निधी साठवला नसेल तर त्या-त्या महिन्याच्या वसुलीतूनच. वसुली कमी झाली की आधी कंत्राटदार थांबतो, मग पेन्शनर. पालिकेचं उत्पन्न तरी कुठून येतं? जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, 2017 ला जीएसटी आला. आता त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, 2016-17 चा आधार धरून दरवर्षी 8 टक्के वाढीने. बाकी घरपट्टी आणि नळपट्टी. एप्रिल 2016 मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जिथे लोक उन्हाळाभर टँकर विकत घेतात, तिथे नळपट्टी खुशीने भरा म्हणून कुणाला सांगणार? त्यात आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार वगैरेंचा खर्च, 35 टक्क्यांच्या आत ठेवायची अट. म्हणून पदं रिकामी राहतात. तुमच्या मुलालाही कदाचित दोघांचं काम एकट्याला करावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने जुलै 2013 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथल्या सर्वसाधारण निवृत्तांच्या पेन्शनमध्ये 4.5 टक्के कपात झाली, वर महागाईपोटीची वाढही बंद झाली. अर्धं आयुष्य नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसांवर ही वेळ आली.

आता मुलाचं बघू. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना राज्यात जुनी पेन्शन नाही, अंशदानाची योजना आहे. त्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 60 हजार धरले, तर राज्य सरकारच्या दराने 10 टक्के म्हणजे 6,000 त्याचे कापले जातील आणि 14 टक्के म्हणजे 8,400 नियोक्ता घालेल. हे 14,400 रुपये दरमहा त्याच्या नावावरच्या प्राण (PRAN) खात्यात, म्हणजे कायम क्रमांकाच्या निवृत्ती खात्यात जातात. एकदा जमा झाले की उद्या पालिका कितीही अडचणीत आली तरी ते तिच्या हातात नाहीत. नोकरी बदलली तरी खाते क्रमांक तोच राहतो. निवृत्तीला ठरलेली पेन्शन नसते, बाजाराची चढउतार असते, हे खरं. साधारण 60 टक्के रक्कम हातात मिळते, 40 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे ठरावीक काळाने पेन्शन देणारी विमा कंपनीची योजना, घ्यावी लागते.

मार्च 2023 च्या संपानंतर राज्याने सुधारित योजना आणली. तिच्यात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता आहे. पण घोषणा राज्याची आणि नेमणूक महापालिकेची, तेव्हा ही योजना या पदाला लागू आहे का आणि नियोक्त्याचा हिस्सा नेमका किती, हे आस्थापना विभागाला लेखी विचारा. तोंडी "होईल साहेब" वर विसंबू नका.

खरी भीती वेगळीच आहे. पगारातून कपात होते आणि खात्यात जमाच होत नाही, असं घडतं. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकाची कित्येक महिन्यांची कपात अशी अडकली होती, कारण त्याचं प्राण खातंच उघडलं नव्हतं. म्हणून रुजू झाल्याझाल्या खातं उघडलं का ते मुलाने पाहावं, दर तीन महिन्यांनी उतारा काढून त्याची पगारपत्रकाशी जुळणी करावी आणि हप्ता चुकला तर लगेच अर्ज देऊन पोच घ्यावी. तिजोरीच्या अशक्तपणाचा फटका नव्या योजनेत बसलाच तर तो इथेच बसतो.

म्हणून मी मुलाच्या बाजूची आहे, त्याने रुजू व्हावं. हातातली नेमणूक सोडून वर्षभर अभ्यासिकेत बसलेली पोरं मी दर वर्षी पाहते. परीक्षा लांबते, जाहिरात पुढे जाते आणि घरचा धीर सुटतो. जलसंपदा किंवा बांधकाम विभागाची परीक्षा तो नोकरीत राहूनही देऊ शकतो. खुल्या प्रवर्गाला 38 पर्यंत वय चालतं, मागासवर्गीयांना 43. फक्त अर्जाआधी ना-हरकत प्रमाणपत्राची विचारणा करावी. जिथे पगार राज्याच्या कोषागारातून होतो तिथे जायची धडपड जरूर ठेवावी, पण पगार खात्यात पडत असताना. आणि पाणीपुरवठ्याचं काम मिळालं तर मनापासून करावं. मराठवाड्यात हे काम खऱ्या अर्थाने जाणणारे अभियंते कमी आहेत, आणि त्याला तर ते घरातच शिकवणारा माणूस आहे.

यजमानांचं मात्र पत्रात अर्धवटच राहिलं. त्यांचा पेन्शन आदेश, बँकेचं पासबुक आणि फरकाचा हिशेब घेऊन लातूरला या. कोणत्या महिन्यापासून किती येणं आहे, ते बसून मांडू आणि आयुक्तांच्या नावे अर्ज तयार करू.